'म्हणे' कुठे गळून पडतं?

कोविडच्या काळातल्या अफवांचा विषय निघाला की हमखास दोन कंपू पडतात आणि दोघंही गेली काही वर्षं तेच तेच बोलतायत. एक कंपू म्हणतो सगळा घोळ व्हॉट्सॲपवाल्या अडाणी लोकांनी घातला, फॉरवर्ड करणाऱ्यांना आत टाका, ग्रुप ॲडमिनला धरा. दुसरा म्हणतो सरकार, डॉक्टर, मीडिया सगळे एकमेकांना सामील, ते जे सांगतील त्याच्या बरोबर उलटं खरं धरायचं. मला दोन्ही पटत नाहीत, पण खरं सांगायचं तर चीड पहिल्याची जास्त येते कारण तो शहाणपणाचा आव आणून बोलतो. माझं म्हणणं असं आहे की महामारीत ज्या अफवा लांबवर पोचल्या, ज्यांच्यामुळे औषधांचा तुटवडा झाला, माणसं रस्त्यावर आली, एखाद्या समाजावर शिक्का बसला, त्यातल्या बऱ्याचशा वरून खाली आल्या. लेटरहेडवरून, प्रेस ब्रीफिंगमधून, ब्रेकिंग न्यूजच्या पट्टीवरून. ज्यांच्याकडे तपासायची साधनं होती, माणसं होती, पगार होता, त्यांनीच न तपासता पुढे ढकललं, आणि शिक्षा मात्र शेवटच्या टोकाला असलेल्या माणसाला.

आपल्या भाषेत एक फार कामाचा शब्द आहे, 'म्हणे'. 'तिकडे साथ आलीय म्हणे.' एवढ्या एका शब्दात बोलणारा सांगून टाकतो की बाबांनो मी हे बघितलेलं नाही, ऐकलंय, तेव्हा माझ्या नावावर खपवू नका. पारावर चकाट्या पिटणारा माणूससुद्धा इतका प्रामाणिकपणा पाळतो. पण तीच गोष्ट अधिकाऱ्याच्या तोंडून आली की 'म्हणे'चं 'असे आढळून आले आहे' होतं, आणि चॅनलवर गेली की 'मोठा खुलासा!' होतो. बातमी तीच असते, पुरावा तेवढाच असतो, वाटेत फक्त शंका गळून पडते. माझ्या मते अफवा ओळखायची खूण ही आहे. गोष्ट पुढे चुकीची निघाली एवढ्यावरून ती अफवा ठरत नाही. सांगताना जेवढी खात्री होती त्यापेक्षा जास्त खात्रीने ती सांगितली गेली का, हे बघायचं.

एक उदाहरण घ्या. १४ जानेवारी २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ट्वीट केलं की चिनी अधिकाऱ्यांच्या प्राथमिक तपासात माणसाकडून माणसाला संसर्ग होत असल्याचा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही. नीट वाचलं तर या वाक्यात तीन तीन अटी आहेत. 'चिनी अधिकाऱ्यांच्या', 'प्राथमिक', 'स्पष्ट'. त्याच दिवशी याच संघटनेच्या तज्ज्ञ मारिया व्हॅन केरखोव्ह पत्रकारांना सांगत होत्या की मर्यादित प्रमाणात, कुटुंबातल्या कुटुंबात असा संसर्ग होणं शक्य आहे. पण जगभर पोचलं काय, तर 'माणसातून माणसाला होत नाही'. 'पुरावा नाही' आणि 'नाही याचा पुरावा' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक हेडलाइनमध्ये मावत नाही. सहा दिवसांनी, २० जानेवारीला, चीनने स्वतःच कबूल केलं की होतो संसर्ग. आता या सहा दिवसांत जगात ज्यांनी ज्यांनी 'काही काळजी नाही' असं पुढे पाठवलं ते सगळे अफवा पसरवत होते का? ते तर बिचारे अधिकृत माहितीच देत होते!

आणि या गोष्टीची दुसरी बाजू तर जास्तच बोचते. ३० डिसेंबर २०१९ ला वुहानमधल्या ली वेनलियांग या डोळ्यांच्या डॉक्टरने आपल्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर मेसेज टाकला की तिथल्या सीफूड बाजाराशी संबंधित सार्सचे, म्हणजे एका जुन्या घातक श्वसनरोगाचे, सात पेशंट आलेत, सावध राहा. ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून अफवा पसरवल्याबद्दल लेखी समज दिली, सही घेतली. पुढे त्याला स्वतःलाच लागण झाली आणि ७ फेब्रुवारीला तो गेला. नियमावर बोट ठेवून बघितलं तर पोलीस अगदीच चूक नव्हते बरं का, कारण तो आजार सार्स नव्हताच, त्याच्या जवळचा दुसरा विषाणू होता. म्हणजे 'असत्य माहिती' होतीच की! पण खुद्द चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी संपायच्या आत जाहीर लेखात म्हटलं की लोकांनी त्या वेळी ही 'अफवा' ऐकून मास्क लावले असते तर बरं झालं असतं. तपशिलात चूक पण इशारा खरा, आणि दुसरीकडे अधिकृत खुलासा शब्दशः बरोबर पण परिणाम खोटा. अफवांविरोधी कायदा यातल्या कुणाला धरतो ते उघड आहे.

आता समोरच्यांचे मुद्दे घेऊ, कारण ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा, सोशल मीडियाच्या अफवांनी माणसं मेली त्याचं काय? मेलीच. इराणमध्ये दारूने विषाणू मरतो असं ऐकून लोकांनी मिथेनॉल मिसळलेली विषारी दारू प्यायली आणि शेकडो जीव गेले, कित्येकांचे डोळे गेले. आपल्याकडे कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो या मेसेजने पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं, इतकं की फेब्रुवारी २०२० मध्ये तेलंगणाच्या मंत्र्यांना स्टेजवर उभं राहून चिकन खाऊन दाखवावं लागलं. तेव्हा खालून येणाऱ्या अफवा निरुपद्रवी असतात असं मी अजिबात म्हणत नाही. पण एक फरक लक्षात घ्या, कोंबडीची अफवा खोडून काढायला वर कुणीतरी होतं. मंत्री होते, डॉक्टर होते, पेपर होते. अफवा जेव्हा मंत्र्याच्याच तोंडून येते तेव्हा ती खोडायला स्टेजवर कोण चढणार? दक्षिण आफ्रिकेत हेच झालं. २००० च्या आसपास राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळेच एड्स होतो का याबद्दल जाहीर शंका घेत होते आणि त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, बीट, लिंबू यांचे गुण गात होत्या. औषधं उपलब्ध असून सरकारी दवाखान्यांत ती वेळेवर पोचली नाहीत. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये काढलेला अंदाज आहे की २००० ते २००५ या काळात त्यापायी ३ लाख ३० हजारांहून जास्त माणसं गेली. एवढं नुकसान करायची ताकद कुठल्या फॅमिली ग्रुपमध्ये आहे?

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. साथ अंगावर आलेली असताना पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबायचं कसं? अधिकाऱ्याला आज संध्याकाळी बोलायचंच असतं, गप्प बसला तर पोकळी तयार होते आणि त्या पोकळीत भोंदू घुसतात. शिवाय विज्ञान बदलतं, आज बरोबर वाटलेलं उद्या चूक ठरतं, त्याला अफवा म्हणणं हा अन्याय आहे. हे सगळं मला शंभर टक्के मान्य. थांबू नका, बोला, पण जेवढं माहीत आहे तेवढंच बोला एवढीच अपेक्षा आहे. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने ठळक अक्षरात 'फॅक्ट' असं लिहून सांगितलं की कोविड हवेतून पसरत नाही. इथे 'सध्या आम्हाला वाटतं' असं लिहायला किती जागा लागली असती? जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहावं लागलं की अहो, हवेतून पसरतो हे गांभीर्याने घ्या, आणि संघटनेच्या माहितीपानावर ते स्पष्ट शब्दांत यायला २०२१ चा एप्रिल उजाडला. तोवर जग भाज्या धूत होतं, पार्सलांवर सॅनिटायझर मारत होतं आणि खिडक्या लावून बसत होतं. मत बदललं याबद्दल तक्रार नाही. 'फॅक्ट' असा शिक्का मारल्यामुळे मत बदलणंच अवघड होऊन बसलं, तक्रार त्याबद्दल आहे.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या गोळीची गोष्ट तर या साखळीचा नकाशाच आहे, म्हणून जरा सविस्तर. २० मार्च २०२० ला फ्रान्समधल्या मार्सेच्या एका गटाचा पेपर आला. आकडा केवढा? औषध दिलेले २० आणि न दिलेले १६. मुळात औषध २६ जणांना दिलं होतं, त्यातले ६ हिशोबातून वगळले, आणि त्या सहांमधले तीन आयसीयूत गेले होते आणि एक मेला होता. पेपरात हे लिहिलेलं होतं, लपवलेलं नव्हतं, फक्त वाचायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी ट्वीट केलं की वैद्यकशास्त्राच्या इतिहासातला हा मोठा गेम चेंजर ठरू शकतो. त्यानंतर एक-दोन दिवसांत आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, टास्क फोर्सने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आणि पेशंटच्या घरच्यांसाठी प्रतिबंधक म्हणून ते सुचवलं. २८ मार्चला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, आणीबाणीतली परवानगी दिली. चॅनलांनी गोळीचा फोटो लावून तासन्‌तास चर्चा केल्या. आणि ल्युपस या दीर्घकाळच्या आजाराच्या ज्या पेशंटना ही गोळी खरोखर लागते त्यांना ती मिळेनाशी झाली. ॲरिझोनात एका माणसाने माशांच्या टाकीत घालायचं क्लोरोक्विन घेतलं आणि मेला. ५ जूनला ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलचा निकाल आला, हजारो पेशंटवर नीट चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी, फायदा शून्य. १५ जूनला एफडीएने परवानगी काढून घेतली. मूळ पेपर मागे घेतला गेला तो डिसेंबर २०२४ मध्ये, तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं.

आता मला सांगा, या साखळीत खोटं कोण बोललं? संशोधकांनी आकडे छापले, अध्यक्षांनी 'ठरू शकतो' म्हटलं, अधिकाऱ्यांनी 'सुचवलं', पत्रकारांनी 'सूत्रांनी' सांगितलेलं सांगितलं. प्रत्येकाने गृहीत धरलं की माझ्या आधीच्याने तपासलं असणार, आणि कुणीच तपासलं नव्हतं. शेवटच्या माणसाला जेव्हा तो मेसेज मिळाला तेव्हा त्यावर अध्यक्षांचा, टास्क फोर्सचा आणि चॅनलचा असे तीन शिक्के होते, आणि तिन्ही शिक्क्यांच्या तळाशी तेच २० पेशंट! तो बिचारा काय म्हणून शंका घेणार होता? आणि हो, हा आजार फक्त 'औषध चालतं' म्हणणाऱ्या बाजूला होता असं नाही. मे महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ९६ हजार पेशंटचा डेटा असल्याचं सांगत उलटा पेपर आला की या गोळीने माणसं जास्त मरतात, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेने आपली चाचणी थांबवली, आणि दोन आठवड्यांच्या आत तो पेपर मागे घ्यावा लागला कारण डेटा कुठून आला तेच कुणाला दाखवता येईना. आपल्याला हवी ती बातमी असली की शहाणी माणसंसुद्धा 'कशावरून?' विचारायचं विसरतात.

मीडियावाले यावर एक बचाव देतात आणि तो वरवर बरोबर आहे. आम्ही काय करणार, मंत्री बोलले ते दाखवलं, 'असं त्यांनी सांगितलं' हे तर खरंच आहे ना? खरं आहे, पण १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतही नेमकं हेच 'खरं' छापलं गेलं होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं, आणि त्या सप्टेंबरात अमेरिकेत फिलिप डोन नावाच्या एका लष्करी आरोग्य अधिकाऱ्याने म्हटलं की पाणबुडीतून उतरलेले जर्मन हेर थिएटरात जंतू सोडत असतील, ते काही अवघड नाही. पुरावा काहीच नव्हता, अंदाज होता, पण अधिकाऱ्याचा होता म्हणून पेपरांनी छापला आणि पुढे बायरच्या ॲस्पिरिनमध्येच जंतू घातलेत इथपर्यंत गोष्ट गेली. त्याच महिन्यात फिलाडेल्फियात युद्धकर्जासाठी परेड होती, डॉक्टर सांगत होते रद्द करा, आरोग्य संचालक विल्मर क्रुसेन यांनी होऊ दिली, पेपर घाबरू नका म्हणत राहिले, २८ सप्टेंबरला दोन लाखांच्या आसपास माणसं रस्त्यावर आली आणि काही दिवसांतच शहरातली हॉस्पिटलं भरून वाहायला लागली. 'घाबरू नका' हीसुद्धा एक तपासून घ्यायची बातमी असते हे तेव्हाही कुणाला सुचलं नाही. त्या साथीचं 'स्पॅनिश' हे नावच बघा ना, युद्धात उतरलेल्या देशांत बातम्यांवर सेन्सॉर, स्पेन तटस्थ म्हणून तिथले पेपर मोकळेपणाने लिहीत होते, तर आजार त्यांच्याच नावावर लागला.

आता एक अवघड प्रकार, जिथे आकडा खरा असतो. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला केंद्रीय आरोग्य खात्याच्या ब्रीफिंगमध्ये एकूण केसेसपैकी तबलिगी जमात या मुस्लीम संघटनेच्या दिल्लीतल्या कार्यक्रमाशी संबंधित किती ते वेगळं सांगितलं जाऊ लागलं. ४ एप्रिलला आकडा होता १,०२३, म्हणजे साधारण ३० टक्के. तो कार्यक्रम झाला होता, तिथून संसर्ग पसरला होता, त्या काळात एवढी गर्दी जमवणं बेजबाबदारपणाचं होतं, यातलं काही मी नाकारत नाही. पण देशात तेव्हा चाचण्याच मोजक्या होत होत्या आणि त्या कार्यक्रमाला गेलेल्यांना शोधशोधून तपासलं जात होतं. जिथे टॉर्च मारला तिथेच दिसणार ना? ही एक ओळ ब्रीफिंगमध्ये जोडली असती तर? ती जोडली नाही, आणि चॅनलांनी त्या ३० टक्क्यांवर काय इमारत उभी केली ते आपण बघितलंय. जुने, भलतीकडचे व्हिडिओ थुंकण्याचे म्हणून फिरले, मुस्लीम भाजीवाल्यांना गल्लीतून हाकललं गेलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या कार्यक्रमाला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द करताना प्रिंट आणि इलेक्ट्रॉनिक मीडियातल्या मोठ्या प्रचाराचा उल्लेख केला आणि या लोकांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. त्या निकालाला किती चॅनलांनी तेवढे तास दिले, सांगा बरं.

शिक्षेचं बोलायचं तर वांद्र्याचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. १४ एप्रिल २०२० ला लॉकडाऊन वाढला आणि त्याच दिवशी वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्या मजुरांची प्रचंड गर्दी झाली. सकाळी एका मराठी वृत्तवाहिनीने रेल्वेच्या एका अंतर्गत पत्राच्या आधारे अडकलेल्यांसाठी विशेष गाड्या सुटणार अशी बातमी दिली होती. पत्र होतं, पण तो प्रस्ताव होता, निर्णय नव्हता, आणि बातमी देण्याआधी तेवढं विचारून घ्यायला हवं होतं. चॅनल चुकलंच. पण अटक झाली पत्रकाराला, नंतर जामीन मिळाला, आणि इकडे दोन प्रश्न विचारायचे राहूनच गेले. रेल्वेच्या आत एक बोलणं आणि बाहेर एक बोलणं चाललं असताना खुलासा आधीच का आला नाही? आणि ज्या माणसाकडे काम नाही, पगार नाही, खोलीत दहा जण कोंबलेत, त्याला स्टेशनवर यायला बातमीची गरज होती की निमित्ताची?

त्याच्या दोनच आठवडे आधी, ३१ मार्चला, सरकारने सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं की मजुरांचं स्थलांतर लॉकडाऊन तीन महिन्यांहून जास्त चालणार या फेक न्यूजमुळे झालं. कोर्टाने ते मान्य करून माध्यमांना घडामोडींची अधिकृत बाजूही छापायला सांगितलं. त्या दिवशी तीन महिन्यांचा कुठलाही निर्णय नव्हता, म्हणून ती अफवाच, मान्य. पण २१ दिवसांचं म्हणून सांगितलेलं लॉकडाऊन वाढत वाढत ३१ मेपर्यंत ६८ दिवस चाललं, आणि नेहमीच्या रेल्वेगाड्या तर त्याहून कितीतरी जास्त काळ बंद राहिल्या. मग अंदाज कुणाचा जवळ होता, चालत निघालेल्या मजुराचा की अधिकृत प्रवक्त्याचा? २४ एप्रिलच्या सरकारी ब्रीफिंगमध्ये नीती आयोगाचे सदस्य व्ही. के. पॉल यांनी दाखवलेल्या आलेखात १६ मेपर्यंत नव्या केसेस जवळपास शून्यावर येताना दिसत होत्या. १६ मे आला तेव्हा दिवसाला हजारोंनी केसेस येत होत्या. नंतर सांगण्यात आलं की अमुक तारखेला शून्य होईल असं कुणी म्हटलंच नव्हतं, गैरसमज झाला. असेल बुवा. पण आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ मध्ये खोटी घबराट पसरवणाऱ्याला वर्षभरापर्यंत तुरुंगवास आहे, खोटा दिलासा पसरवणाऱ्याला काय आहे ते मला त्या कायद्यात सापडलं नाही.

शेवटचा आक्षेप राहिला, तो म्हणजे विश्वासाचा. अधिकाऱ्यांच्या चुका अशा चव्हाट्यावर मांडल्या तर लोकांचा उरलासुरला विश्वास उडेल आणि फायदा भोंदूंचा होईल. ही भीती खोटी नाही. पण विश्वास नक्की कशाने उडतो? २९ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेचे सर्जन जनरल जेरोम ॲडम्स यांनी लोकांना दटावलं की मास्क विकत घेणं बंद करा, सामान्य माणसाला त्याचा उपयोग नाही, आणि त्याच वाक्यात पुढे म्हटलं की ते डॉक्टरांना मिळाले नाहीत तर सगळेच धोक्यात येतील. उपयोग नाही तर डॉक्टरांना कशाला? लोक मूर्ख नसतात, खरं कारण तुटवडा आहे हे त्यांना कळतंच. महिनाभरात तोच मास्क लावा म्हणून सांगितलं तेव्हा बऱ्याच लोकांनी ऐकायचं बंद केलेलं होतं. १८९६ च्या मुंबईतही काही वेगळं नव्हतं. प्लेगच्या हॉस्पिटलात नेऊन माणसं मारतात या अफवेने ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवर चाल केली. इंग्रजांनी त्याला अडाणीपणा म्हटलं. पण माणूस आत नेला की घरच्यांना त्याचं पुढे काय झालं ते धड कळत नाही, आणि बऱ्याच जणांचं मढंच बाहेर येतं, हे तर लोक डोळ्यांनी बघत होते.

चूक मोठ्याने कबूल केल्याने विश्वास जातो असंही दिसत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये एफडीएचे प्रमुख स्टीफन हान पत्रकार परिषदेत म्हणाले की प्लाझ्मा, म्हणजे बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव, दिला तर शंभरातले ३५ वाचतील. तो सापेक्ष टक्का होता, म्हणजे एका गटाच्या मृत्यूदराची दुसऱ्याशी तुलना करून काढलेला, शंभरातल्या माणसांचा आकडा नव्हे; प्रत्यक्षातला फरक त्याहून कितीतरी कमी, आणि तोही नीट तुलना गट नसलेल्या आकडेवारीतला. टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी लिहिलं की टीका पूर्णपणे योग्य आहे. मला तरी त्यामुळे त्यांच्याबद्दल थोडा आदरच वाटला.

आणि प्लाझ्माचंच निघालंय तर आपलंही सांगतो, कारण त्यात अभिमान आणि लाज दोन्ही आहे. आयसीएमआरने देशातल्या ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर प्लाझ्माची व्यवस्थित चाचणी केली, जगात इतक्या लवकर असं काम फार थोड्यांनी केलं. सप्टेंबर २०२० मध्ये निकाल जाहीर झाला, ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. प्लाझ्माने मृत्यू कमी होत नाहीत, आजार गंभीर व्हायचा थांबत नाही. 'कशावरून?' याचं इतकं नेटकं उत्तर आपल्याच लोकांनी काढून ठेवलं होतं. राष्ट्रीय उपचार सूचनांमधून प्लाझ्मा निघाला तो मात्र १७ मे २०२१ ला. मधल्या आठ महिन्यांत दुसरी लाट अंगावर आली होती, डॉक्टर चिठ्ठीवर प्लाझ्मा लिहून देत होते, चॅनलांवर दात्यांसाठी आवाहनं चालली होती, आणि रात्री दोन दोन वाजता लोक अनोळखी नंबरांवर फोन लावून विचारत होते की तुम्हाला कोविड होऊन किती दिवस झाले, ब्लड ग्रुप कोणता, येऊ शकाल का. ते मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांना आता अफवा पसरवणारे म्हणायचं का?